‘सेटलमेंट’ला मराठी प्रतिशब्द सुचवण्यापूर्वी

१/ फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला की एक यादी फिरू लागते. डाव्या स्तंभात इंग्रजी शब्द, उजव्या स्तंभात ‘शुद्ध’ मराठी. खाली आवाहन असते की परकीय शब्दांची ही घाण काढून टाका. अशाच एका यादीत ‘सेटलमेंट’ या शब्दासमोर ‘तडजोड, वसाहत’ असे लिहिलेले पाहिले. मी सोलापूरचा, आणि इतिहासाचा विद्यार्थी. ही नोंद वाचून गप्प बसणे शक्य नव्हते, म्हणून हा धागा. जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती.

२/ माझे म्हणणे आधीच सांगतो. उसना शब्द हा भाषेवरचा डाग नसतो, आणि निव्वळ ‘सोयीचा शब्द’ही नसतो. काही उसने शब्द हे पुरावे असतात. कोणी, कोणावर, कोणत्या कायद्याने काय केले याचा तो पुरावा. असा शब्द खोडून त्या जागी गोड प्रतिशब्द बसवणे याला मी भाषाशुद्धी म्हणत नाही. तो पुराव्याशी केलेला हस्तक्षेप होय.

३/ मूळ शब्दापासून सुरुवात करू. जुन्या इंग्रजीत ‘सेट्ल’ म्हणजे आसन, बसण्याची जागा. त्यावरून स्थिर होणे, ठरवणे, मिटवणे. हिंदुस्थानात येताच या शब्दाला अनेक तोंडे फुटली. १७९३ मध्ये बंगालात कॉर्नवॉलिसने केलेली ‘पर्मनंट सेटलमेंट’ म्हणजे कायमधारा. पुण्यातील जे अधिकारी इंग्रजीत ‘सेटलमेंट कमिशनर’, तेच मराठीत ‘जमाबंदी आयुक्त’. न्यायालयात सेटलमेंट म्हणजे तडजोड. सोलापुरात मात्र या शब्दाचा अर्थ होता तारेचे कुंपण.

४/ १८७१ साली ब्रिटिश सरकारने ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ केला. त्यामागचा युक्तिवाद असा की सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तर चोराचा मुलगा चोरच होणार. आपली जातिव्यवस्था साहेबाने अशा प्रकारे ‘समजून’ घेतली आणि तिचा कायदा केला. सरकारने एखादी जमात अधिसूचित केली की त्या अधिसूचनेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. गुन्हा सिद्ध करण्याची गरज उरत नसे, कारण जन्म हाच पुरावा ठरत असे.

५/ आरंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ मध्ये त्याची व्याप्ती देशभर वाढली आणि १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्रित करण्यात आला. नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, हालचालींवर बंधने ही त्याची हत्यारे होती. त्यापुढची पायरी म्हणजे अख्ख्या कुटुंबाला सरकारने ठरवलेल्या जागी, पहाऱ्यात राहायला लावणे. त्या जागेला कायद्याने दिलेले नाव ‘सेटलमेंट’. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून शाळांत ठेवण्याची तरतूदही याच कायद्यात होती.

६/ मुंबई इलाख्यात विजापूर, हुबळी, सोलापूर येथे अशा सेटलमेंट उभ्या राहिल्या. सोलापूरचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. सोलापूरच का, हा प्रश्न विचारला पाहिजे. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी निघाली, जिला शहर आजही ‘जुनी गिरण’ म्हणून ओळखते. पुढे आणखी गिरण्या आल्या. गिरण्यांना हात हवे होते आणि कुंपणाच्या आत हात होते. सेटलमेंटमधील माणसे गिरण्यांत कामाला जात. या शहराच्या कापडाचा इतिहास लिहिताना आपण मालकांची नावे लिहितो, फार तर संपांचे सन लिहितो. पहाऱ्यातून पाळीवर आलेल्या मजुरांचे काय?

७/ आता सोलापूरच्या पत्त्यांत आजही आढळणारे एक नाव पाहा : ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’. बाहेरगावच्या माणसाला हे एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे नाव वाटते. एका मित्राने तर विचारले, “फ्री म्हणजे घरे फुकट दिली होती का?” नाही. ज्यांची वर्तणूक अधिकाऱ्यांना समाधानकारक वाटे, त्यांना कुंपणाबाहेर, पण जवळच, राहण्याची मुभा मिळे. ती वस्ती म्हणजे फ्री कॉलनी. येथे ‘फ्री’चा अर्थ फुकट नाही आणि स्वतंत्रही नाही. तारेच्या बाहेर, पण नजरेच्या आत, एवढाच त्याचा अर्थ.

८/ तीन इंग्रजी शब्दांच्या या पत्त्यात कैद आहे, सुटका आहे आणि त्या सुटकेची मर्यादाही आहे. आता यादीकारांचा नियम लावा : ‘तडजोड मुक्त वसाहत’. हसू येते ना? पण हसण्यासारखे त्यात काही नाही. प्रतिशब्द बसताच माणसे नाहीशी झाली, कायदा नाहीसा झाला, तार नाहीशी झाली. उरली ती एक छानशी वसाहत.

९/ ‘पास’ हा दुसरा शब्द. आपल्याला तो दोन अर्थांनी ठाऊक आहे, परीक्षेतला आणि एसटीचा. नोंदणी झालेल्या पारधी किंवा कैकाडी माणसाला १९२० च्या सुमारास तिसरा अर्थ ठाऊक होता. नेमून दिलेली हद्द ओलांडण्याची लेखी परवानगी म्हणजे पास. बहिणीच्या लग्नाला जायचे तर पास, बाजाराला जायचे तर पास. पास नसताना हद्दीबाहेर सापडणे हाच गुन्हा. या शब्दापुढे ‘उत्तीर्ण’ लिहिणाऱ्याने क्षणभर थांबावे.

१०/ तिसरा शब्द ‘रेक्लमेशन’. मुंबईकरांना तो समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीसाठी माहीत आहे : बॅकबे रेक्लमेशन, वांद्रे रेक्लमेशन. त्याच काळातील सरकारी कागदांत हाच शब्द ‘गुन्हेगार जमातीं’च्या सुधारणेसाठी वापरला जाई. जुन्या काळी हा शब्द शिकारीसाठी पाळलेल्या ससाण्याला माघारी बोलावण्यासाठी वापरत. समुद्र, ससाणा आणि माणूस या तिघांसाठी एकच क्रियापद. ज्यांच्या पिढ्या शिकारीवर जगल्या त्या पारध्यांना हा शब्द लावला गेला, याहून बोचरा योगायोग शोधून सापडणार नाही.

११/ येथे शुद्धीवाद्यांचा आक्षेप येईल : “म्हणजे इंग्रजी शब्दच दुष्ट, मग काढून टाकायला हरकत काय?” तर आता मराठी शब्द तपासू. लॅटिन ‘क्रिमेन’चा जुना अर्थ आरोप असा होता. ‘ट्रिबुस’ म्हणजे रोमन नागरिकांचा विभाग, ज्याला मतदानाचा अधिकार असे. आपण ‘क्रिमिनल ट्राइब’चे भाषांतर केले ‘गुन्हेगार जमात’. ‘गुनाह’ फारसी, त्याचा अर्थ पाप. ‘जमात’ अरबी. म्हणजे भाषांतरात आरोपाचे पाप झाले. आणि ज्याला आपण ‘आपला’ शब्द समजलो तोही दोन परक्या भाषांतून आलेला. शुद्धीची चाळणी नेमकी कोठे लावणार?

१२/ शब्दशुद्धीच्या परंपरेला मी तुच्छ लेखत नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश रचला. राज्य आपले आहे तर त्याची परिभाषाही आपली हवी, हा त्यामागचा विचार राजकीय होता आणि समर्थ होता. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आलेले ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ हे शब्द आपण रोज वापरतो. ‘हुतात्मा’ हा शब्दही त्याच परंपरेचा. सोलापूरच्या चार हुतात्मा चौकाचे नाव त्याच शब्दावर उभे आहे.

१३/ पण त्याच चौकाची दुसरी बाजू पाहा. १२ मे ते ३० जून १९३० या काळात सोलापुरात जे लागू होते त्याला हे शहर आजही ‘मार्शल लॉ’ म्हणते. ‘लष्करी कायदा’ हा प्रतिशब्द उपलब्ध असूनही म्हणते. त्या दिवसांत गांधी टोपी घालणे गुन्हा ठरले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. कोणत्याही भाषाप्रेमीने सोलापूरकरांना ‘मार्शल लॉ’ हा शब्द टाकून द्या असे सांगितल्याचे मला ठाऊक नाही.

१४/ का? कारण त्या शब्दाशी आपला अभिमान जोडलेला आहे. तो शब्द आपल्यावर झालेल्या अन्यायाचा पुरावा आहे, म्हणून जपायचा. मग ‘सेटलमेंट’ का टाकायचा? तोही त्याच शहराचा, त्याच राजवटीचा, त्याच काळचा शब्द आहे. मार्शल लॉ सात आठवडे होता. सेटलमेंट काही दशके होती. फरक इतकाच की पहिल्यात गजाआड गेलेल्यांना आपण ‘आपले’ म्हणतो, आणि दुसऱ्यात कुंपणाआड गेलेल्यांना अद्याप म्हणत नाही. भाषेच्या शुद्धतेचा वाद म्हणून जे मांडले जाते त्याच्या मुळाशी हा भेद आहे.

१५/ ‘निर्भेळ’ मराठी शब्दांकडेही पाहू. ‘भामटा’ हे एका समाजाचे नाव. कोशात आणि बोलण्यात त्याचा अर्थ झाला लबाड, चोर. ‘टकारी’ म्हणजे जात्याला टाकी लावणारा, दगडाचा कारागीर. घरोघरची जाती बोथट झाली की त्याची वाट पाहिली जाई. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली, आणि तो कारागीर पोलिसांच्या वहीत गेला. बंजारा समाज बैलांच्या तांड्यांवरून मीठ-धान्य वाहून नेत असे. सडका आणि रेल्वे आल्यावर तो व्यापार बसला. पुढे फिरणारा माणूस म्हणजे संशयित, हे समीकरण कायद्याने रूढ केले. हे करताना साहेबाला आपल्या शब्दांची मदतच झाली.

१६/ शब्दांची ही देवघेव दुहेरी होती. इंग्रजीने आपल्याकडून काय नेले? ‘लूट’ नेला, ‘ठग’ नेला, ‘डकैत’वरून ‘डॅकॉइट’ केला, तमिळमधील परैयर या जातिनामावरून ‘पॅरिया’ केला. १८३० च्या दशकात ठगांच्या बंदोबस्तासाठी सरकारने स्वतंत्र खातेच उघडले, आणि ‘थग’ हा शब्द आज जगभर गुंडासाठी वापरला जातो. आपण त्यांना ‘ठग’ दिला, त्यांनी आपल्याला ‘क्रिमिनल ट्राइब’ दिली. दोन्ही बाजूंच्या प्रतिष्ठितांनी खालच्या माणसाला नाव ठेवण्याच्या कामी एकमेकांना केलेले हे साहाय्य होय.

१७/ यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला, म्हणून तो दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळतात. इंग्रजीत या समाजांना ‘डीनोटिफाइड’ म्हणतात, मराठीत ‘विमुक्त’. मराठी शब्द सुंदर आहे यात शंका नाही. पण प्रामाणिक कोणता? ‘डीनोटिफाइड’ एवढेच सांगतो की अधिसूचना मागे घेतली. ‘विमुक्त’ सांगतो की माणसे मुक्त झाली. पहिले विधान सत्य आहे. दुसरे अजून व्हायचे आहे.

१८/ कारण जुना कायदा गेला तरी ‘हॅबिच्युअल ऑफेंडर’ हा नवा शब्द आला. मराठीत ‘सराईत गुन्हेगार’. मुंबई राज्याने १९५९ मध्ये त्याचा कायदा केला. कागदावर तो व्यक्तीला लागू होतो, जमातीला नव्हे, हे मान्य. परंतु पाहणारे डोळे आणि जुन्या वह्या त्याच राहिल्या, ही तक्रार विमुक्तांच्या चळवळीने सातत्याने मांडली आहे. सोलापूरचे कार्यकर्ते बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला. त्यातही हा सराईत गुन्हेगारांचा कायदा रद्द करण्याची शिफारस होती.

१९/ माझ्या विषयाचे नाव या प्रकरणात येते ते असे : ‘हिस्ट्रीशीट’. विद्यापीठात हिस्ट्री म्हणजे समाजाची स्मृती. ठाण्यात हिस्ट्री म्हणजे संशयिताची वही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात नमूद केले की विमुक्त व इतर मागास समाजांतील निरपराध माणसांच्या नोंदी पूर्वग्रहाने ठेवल्या जाऊ नयेत. ज्या समाजाचा इतिहास विद्यापीठाने लिहिला नाही, त्याची हिस्ट्री पोलिसांनी लिहिली. हा आमच्या शाखेचा पराभव आहे, आणि तो मी मान्य करतो.

२०/ “पण असे शब्द जखमेवर मीठ चोळतात, मग ते ठेवायचे कशाला?” हा आक्षेप गंभीर आहे. माझे उत्तर दोन भागांत. एक, त्या वस्तीतील रहिवाशांना आपल्या पत्त्यावरून ‘सेटलमेंट’ हटवायचे असेल तर तो सर्वस्वी त्यांचा हक्क आहे. त्या पत्त्यामुळे नोकरी नाकारली जाते की नाही हे ज्याने भोगले त्यानेच ठरवावे. पण ज्यांचे पूर्वज त्या तारेआड कधी नव्हते, त्यांनी ‘परकीय शब्द’ म्हणून तो काढू नये. कारण शब्द परका असला तरी ती घटना आपल्याच गावात घडली आहे.

२१/ दोन, या समाजांतील लेखकांनी काय केले ते पाहा. लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये आत्मकथनाला नाव दिले ‘उपरा’. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये नाव दिले ‘उचल्या’. समाजाने तोंडावर फेकलेले शब्द त्यांनी मुखपृष्ठावर छापले. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अपमानाचा शब्द लपवण्याऐवजी त्यांनी तो साक्षीला उभा केला. ‘शुद्ध’ मराठी शोधणाऱ्यांनी ही पुस्तके एकदा वाचावीत.

२२/ दुसऱ्या बाजूलाही एक शब्द. “भाषा वाहती असते, शब्द येतात-जातात, त्यात कसले राजकारण?” असे म्हणणारे उदारमतवादी मित्र आहेत. टेबल, बस, पेन यांच्याबाबत ते खरे आहे, त्या शब्दांसाठी मीही भांडणार नाही. पण ‘पास’, ‘फ्री’, ‘सेटलमेंट’ वाहत आले नाहीत. ते राजपत्रातून आले, शिपायाच्या बुटांसह आले. प्रत्येक उसना शब्द सारखाच निष्पाप मानणे हाही इतिहास पुसण्याचाच एक प्रकार आहे. फक्त त्यात कष्ट कमी पडतात.

२३/ आता एक तारीख. ३ ऑक्टोबर २०२४. त्या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. पेढे वाटले गेले, आणि त्या आनंदात मीही होतो. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवला. त्यात विमुक्त आणि भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगारी प्रवृत्तीचे मानणाऱ्या नोंदींचाही समावेश होता. म्हणजे १९५२ नंतर ७२ वर्षे ते शब्द नियमपुस्तकांत जिवंत होते.

२४/ एकाच दिवशी एका निर्णयाने आपल्या शब्दांचा गौरव केला, दुसऱ्याने काही शब्दांचा निवाडा केला. पहिल्याच्या बातम्या आपण सर्वांनी पुढे पाठवल्या. दुसऱ्याच्या किती जणांनी पाठवल्या? भाषेवर प्रेम असणाऱ्याला दुसरी बातमीही आपलीच वाटायला हवी होती. शब्द माणसाला तुरुंगात झाडू हातात घ्यायला लावू शकतो, हे त्या निकालाने दाखवून दिले. भाषेच्या अभ्यासकाला याहून मोठा विषय कोणता असू शकतो?

२५/ तेव्हा माझी मागणी साधी आहे. यादी करायचीच असेल तर प्रतिशब्दांची नको, अर्थांची करा. ‘सेटलमेंट’ची नोंद मी अशी करीन :

सेटलमेंट (सोलापूर) : १९११ नंतरच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली, जन्मावरून गुन्हेगार ठरवलेल्या कुटुंबांना पहाऱ्यात ठेवण्याची जागा. येथील माणसे कापडगिरण्यांत राबत. कायदा १९४९ मध्ये गेला, शब्द पत्त्यात राहिला. तडजोड हा अर्थ येथे लागू नाही, कारण कुंपणाआतल्यांना कोणी काही विचारलेच नव्हते.

२६/ अशी नोंद शालेय पुस्तकात यावी, शहराच्या माहितीफलकावर यावी, मराठी कोशांत यावी. ती आल्यानंतर त्या वस्तीतील लोकांनी म्हटले की आता हा शब्द आमच्या दारावर नको, तर आनंदाने काढू. तोवर तो खोडण्याचा अधिकार यादीकारांना नाही. सोलापूरच्या वाचकांना एक विनंती : आपल्या घरातील, शेजारातील वडीलधाऱ्यांकडे सेटलमेंटच्या, हजेरीच्या, पासच्या आठवणी असतील तर त्या त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. इंग्रजी शब्द आला तर तो तसाच राहू द्या. (समाप्त)